डोळ्याच्या आत विरघळणारी औषधाची काडी



वर्षावासात विहारांमध्ये आम्ही आरोग्याच्या बैठका घेतो. बीपी मोजतो, शुगर तपासतो आणि जमेल तेवढे बोलतो. यंदा तीन-चार वस्त्यांत एकच प्रश्न आला. "सिस्टर, डोळ्यात औषधाची काडी घालतात आणि ती आतच विरघळते म्हणे. खरं का?" कुणाच्या मावशीला डॉक्टरांनी ती सांगितली होती, कुणाच्या जावयाला. प्रत्येकीला भीती एकच होती. डोळ्यात सुई म्हणजे डोळा गेलाच!

काडी खरी आहे आणि तिने अनेकांची नजर वाचवली आहे. पण तिच्यासोबत काही जोखमी येतात, खर्च येतो आणि वारंवार तपासणीला जाण्याचे बंधनही येते. हे सगळे आधी माहीत असेल तर डॉक्टरांसमोर बसून नीट विचारता येते. म्हणून या अंकाचे पान या काडीसाठी.

आधी सूज कुठली ते बघू

आपल्याकडे डोळा लाल झाला की "डोळे आले" म्हणून मोकळे होतात. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ आली होती, ती आठवत असेल. एकाच्या घरातली थेंबांची बाटली चार घरांत फिरत होती. ती साथ बाहेरच्या आवरणाची होती. चिपडे येतात, खाज येते, पाणी गळते, बहुधा एका डोळ्याचे दुसऱ्या डोळ्याला होते. पण डोळा पुसला की नीट दिसते आणि आठ-पंधरा दिवसांत बरे होते.

डोळ्याच्या आतली सूज निराळी. तिला डॉक्टर युव्हिआयटिस म्हणतात. यात चिपडे नसतात. डोळा आतून ठणकतो, उजेड सहन होत नाही, धुरकट दिसते, नजरेसमोर काळे ठिपके किंवा जाळे तरंगते. सूज मागच्या भागात असेल तर डोळा लाल होत नाही, दुखतही नाही, फक्त नजर उतरत जाते. हा आजार म्हाताऱ्यांपेक्षा कामाच्या वयातल्या लोकांना जास्त गाठतो. वीस ते पन्नास वर्षे, म्हणजे ज्यांच्या हातावर घर चालते तेच. कारणेही अनेक. टीबी, सिफिलिस, काही विषाणू, कंबर आखडवणारा संधिवात, लहान मुलांचा सांधेदुखीचा आजार. कधी शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच डोळ्यावर उलटते. तर कधी सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडत नाही.

दुसरी सूज शुगरवाल्यांची. डोळ्याच्या मागे पडदा असतो, कॅमेऱ्यातल्या फिल्मसारखा. त्याच्या मध्यभागी एक बारीक जागा असते. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे या सगळ्याला ती जागा लागते. वर्षानुवर्षे शुगर वाढलेली राहिली की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि पडदा पाणी धरतो. बीपीवाल्यांमध्ये पडद्याची एखादी शीर अचानक तुंबते आणि तशीच सूज येते. सकाळी उठल्यावर एका डोळ्याने धूसर दिसते, असे सांगत हे रुग्ण येतात.

ही काडी या तीन सुजांसाठी आहे. मोतीबिंदूसाठी नाही, चष्म्याच्या नंबरासाठी नाही, काचबिंदूसाठी तर मुळीच नाही. उलट काचबिंदू असेल तर ती घातक ठरू शकते. ते पुढे सांगतो.

थेंब टाकून का भागत नाही

थेंब डोळ्याच्या पुढच्या भागापुरते. टाकलेल्या थेंबातला बराचसा भाग गालावर येतो नाहीतर नाकात उतरतो. थोडासा आत शिरतो, पण मागच्या पडद्यापर्यंत पुरेसा पोचत नाही. मग गोळी द्यावी तर तिथेही अडचण. मेंदूप्रमाणे पडद्याच्या रक्तवाहिन्यांनाही एक संरक्षक भिंत असते. रक्तातले औषध तिच्यातून थोडेच झिरपते. म्हणून मात्रा वाढवावी लागते. युव्हिआयटिसमध्ये प्रेडनिसोलोनची गोळी सुरुवातीला वजनाच्या प्रत्येक किलोला १ मिलिग्रॅम या हिशेबाने देतात. पन्नास किलोच्या बाईला रोजचे ५० मिलिग्रॅम, आणि ते कमी करत आणायला महिने लागतात. तेवढ्यात चेहरा सुजतो, शुगर उसळते, हाडे ठिसूळ होतात, पोटात आग पडते, झोप उडते.

स्टिरॉइड आणि शुगर एकत्र आले की काय होते, ते आपल्या शहराने २०२१ मध्ये पाहिले आहे. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर काळ्या बुरशीचे, म्हणजे म्युकरमायकोसिसचे, रुग्ण मराठवाड्यातून घाटीत आणि इतर रुग्णालयांत येत होते. शुगर आवाक्याबाहेर गेलेली आणि त्यावर स्टिरॉइडचा मारा. कितीतरी जणांचा जीव वाचवण्यासाठी डोळा काढावा लागला. स्टिरॉइडने कोरोनात अनेकांचा जीव वाचवला हे खरे. पण कुणाला, किती आणि किती दिवस, हा हिशेब चुकला की तेच औषध अंगावर येते.

डॉक्टर आणि शास्त्रज्ञ बरीच वर्षे म्हणूनच एक गोष्ट शोधत होते. औषध जिथे हवे तिथेच ठेवता येईल का? आणि तेही हळूहळू, आपोआप सुटत राहील असे?

टाक्यांच्या घराण्यातली काडी

बाळंतपणात किंवा सिझरमध्ये ज्यांना टाके पडले त्यांना आठवेल. काही टाके काढायला पुन्हा यावे लागते, काही आतल्या आत विरघळतात. विरघळणारे बरेच टाके ज्या पदार्थांचे असतात, जवळजवळ त्याच घराण्यातल्या पदार्थाची ही काडी असते. त्याचे नाव पीएलजीए. लॅक्टिक आम्ल आणि ग्लायकोलिक आम्ल यांच्या लांब साखळ्या गुंफून तो बनवतात. लॅक्टिक आम्ल म्हणजे दह्याला आंबटपणा देणारे, आणि काम करताना आपल्या स्नायूंतही तयार होणारे. डोळ्यातल्या पाण्याने या साखळ्या हळूहळू तुटतात. शेवटी त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरते, ते शरीर बाहेर टाकते. काढण्यासाठी पुन्हा ऑपरेशन लागत नाही.

या पदार्थात डेक्सामेथासोन नावाचे स्टिरॉइड मिसळलेले असते. हे औषध नवे नाही, १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात आहे. काडीत ते फक्त ०.७ मिलिग्रॅम असते. नर्सिंगच्या हिशेबात सांगायचे तर सगळ्या काडीची ताकद प्रेडनिसोलोनच्या ५ मिलिग्रॅमच्या एका छोट्या गोळीपेक्षा जास्त नाही. गोळ्यांवर ठेवलेला रुग्ण रोज त्याच्या दहापट घेतो. काडीला एवढेसे पुरते, कारण तिला सगळे शरीर ओलांडायचे नसते. डोळ्याच्या मधल्या जेलीत ती बसते, आणि ती जेली मोजली तर लहान चमचाभर, सुमारे ४ मिलिलिटर.

आकार विचाराल तर लांबी सुमारे ६ मिलिमीटर आणि जाडी अर्ध्या मिलिमीटरहून कमी. तुटलेल्या बारीक शेवईचा तुकडा डोळ्यासमोर आणा. बैठकीत शेवईचा तुकडा हातावर ठेवून दाखवला की निम्मी भीती तिथेच जाते, हा आमचा अनुभव आहे.

बाजारात तिचे नाव ओझुर्डेक्स. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये ती शीर तुंबून आलेल्या सुजेसाठी मंजूर केली, २०१० मध्ये जंतुसंसर्गामुळे न झालेल्या युव्हिआयटिससाठी आणि २०१४ मध्ये शुगरच्या सुजेसाठी. युव्हिआयटिसच्या चाचणीत १८ देशांतले २२९ रुग्ण होते. काडी घातलेल्यांपैकी ४७ टक्के लोकांच्या डोळ्यातला गढूळपणा आठव्या आठवड्यापर्यंत पूर्ण गेला. ज्यांना नुसते सुई टोचल्याचे भासवले होते, त्यांच्यात हे प्रमाण १२ टक्के होते. शुगरच्या सुजेत फरक इतका मोठा नाही. तीन वर्षांनी तक्त्यावरची १५ किंवा जास्त अक्षरे अधिक वाचू शकणारे काडीच्या गटात २२ टक्के आणि दुसऱ्या गटात १२ टक्के. म्हणजे "काडी घातली की पूर्वीसारखे दिसेल" असे कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. पडदा जितका आधीच खराब झालेला, तितका फायदा कमी.

घालतात कशी

कामाला काही मिनिटेच लागतात, तयारीला जास्त वेळ जातो. ऑपरेशन थिएटरमध्ये किंवा तशाच स्वच्छ खोलीत हे करतात. बधिर करणारे थेंब टाकतात. पापण्या आणि डोळा पोव्हिडोन आयोडीनने धुतात, तेव्हा थोडे झोंबते. पापण्या उघड्या राहाव्यात म्हणून एक छोटा चिमटा लावतात. काडी आधीच एका पेनासारख्या यंत्रात भरलेली येते. बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटर अंतरावर, पांढऱ्या भागातून सुई आत घालतात आणि बटण दाबतात. टक् असा आवाज होतो. रुग्णाला दाब जाणवतो, काहींना थोडे दुखते. टाका लागत नाही.

त्यानंतर पांढऱ्या भागावर लाल डाग दिसू शकतो, तो आठवडा-दोन आठवड्यांत जातो. काही दिवस नजरेसमोर एक रेघ तरंगल्यासारखी दिसते. ती काडीच आहे, घाबरू नका. त्या दिवशी नजर धूसर असते, म्हणून एकट्याने रिक्षा पकडून घरी येऊ नका, कुणाला तरी सोबत न्या. डोळा चोळू नका. डॉक्टर सांगतील तितके दिवस डोक्यावरून अंघोळ नको, चुलीच्या धुरापुढे बसणे नको.

पण पुढच्या काही दिवसांत दुखणे कमी होण्याऐवजी वाढले, डोळा लालभडक झाला, उजेड टोचू लागला किंवा नजर झपाट्याने गेली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठा. आत जंतू शिरल्याची ती खूण असू शकते. असे क्वचितच होते, पण झाल्यास तासांवर डोळा ठरतो. "उद्या बघू, आज पाहुणे आहेत" असे म्हणून चालत नाही.

काय मोजावे लागते

काडीचा परिणाम साधारण दुसऱ्या महिन्यात सर्वांत जास्त असतो. कागदावर सहा महिने लिहिलेले असते. प्रत्यक्षात बऱ्याच जणांची सूज तिसऱ्या-चौथ्या महिन्यात परत डोके वर काढते. मग पुन्हा काडी. ही गोष्ट पहिल्याच दिवशी विचारून घ्या, कारण अनेक घरांत एका काडीपुरते पैसे जमवलेले असतात.

दुसरे म्हणजे डोळ्याचे प्रेशर. स्टिरॉइडने काही जणांच्या डोळ्यातला दाब वाढतो, तोही बहुधा दुसऱ्या महिन्याच्या सुमारास. शुगरवाल्यांच्या तीन वर्षांच्या चाचणीत काडी घेतलेल्या दर दहापैकी चार जणांना प्रेशरचे थेंब सुरू करावे लागले. बहुतेकांना थेंब पुरले. पण प्रेशर वाढल्याचे रुग्णाला कळत नाही. दुखत नाही, लाल होत नाही, आणि आतली नस कायमची जात राहते. त्यामुळे "आता बरं दिसतंय, कशाला जायचं" असे म्हणून तपासणी बुडवणे हाच इथला सर्वांत मोठा धोका आहे. काडी घातल्यावर सहा-आठ आठवड्यांची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवा.

तिसरे, मोतीबिंदू. त्याच चाचणीत ज्यांच्या डोळ्यात स्वतःचे भिंग होते, त्यांच्यापैकी दहातल्या सहा जणांना तीन वर्षांत मोतीबिंदूचे ऑपरेशन करावे लागले. काडी न घेतलेल्यांमध्ये शंभरात सातांना. मोतीबिंदू काढता येतो, हे समाधान आहे. पण तिशीतल्या माणसाला हे आधी सांगायलाच हवे.

कुणाला काडी घालत नाहीत? डोळ्यात किंवा पापणीवर जंतुसंसर्ग असेल त्यांना. ज्यांचा काचबिंदू पुढे गेलेला आहे त्यांना. आणि आणखी एक गट आहे, ज्याच्याबद्दल आमच्या वस्त्यांत आवर्जून सांगावे लागते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये भिंगामागचा पातळ पडदा फाटला असेल, तर काडी तिथून पुढे सरकून बुबुळाला टेकू शकते आणि बुबुळ पांढरे पडू शकते. आता आपल्या किती आजी-आजोबांची ऑपरेशने शिबिरांत झालेली! हिरवी पट्टी बांधून, गॉगल घालून आले आणि कागद कुठे गेला कुणाला पत्ता नाही. तो डिस्चार्ज कार्डाचा कागद रेशन कार्डासारखा जपा. नसेल तर निदान "माझे ऑपरेशन झाले आहे, त्यात काही अडचण आली होती का ते बघा" एवढे डॉक्टरांना बोला.

२०१८ सालची एक गोष्टही माहीत असू द्या. काडीच्या सुईवरच्या आवरणातला सिलिकॉनचा सूक्ष्म कण काडीसोबत डोळ्यात जाऊ शकतो असे तपासणीत आढळले आणि कंपनीने अनेक देशांतून बॅच परत मागवल्या. औषधाच्या पाकिटावर बॅच नंबरचे स्टिकर असते. ते आपल्या केसपेपरवर चिकटवून मागा. आम्ही वॉर्डात रक्ताच्या पिशवीचे स्टिकर असेच चिकटवायचो. उद्या काही निघाले तर आपल्याला कोणत्या बॅचची काडी बसली ते सांगता यावे.

टीबीचे आधी बघा

मराठवाड्यात, आणि दाटीच्या वस्त्यांत तर विशेषच, डोळ्यातल्या सुजेमागे टीबी असू शकतो. फुफ्फुसात काही नसतानाही असू शकतो. खोकला नाही, ताप नाही, फक्त नजर गेलेली. अशा डोळ्यात औषधांचे संरक्षण न देता स्टिरॉइड ठेवले तर सूज वरवर उतरते आणि आजार आत पसरतो. म्हणून काडीच्या आधी छातीचा एक्सरे, हातावरची मॉन्टूची चाचणी, सिफिलिससाठी व्हीडीआरएल आणि एचआयव्हीची तपासणी सांगितली जाते. शेवटच्या दोन नावांनी बायका गप्प होतात, नवरे चिडतात. यात चारित्र्याचा काही संबंध नाही, सगळ्यांनाच सांगतात. आमच्या ओळखीच्या एका ताईंनी याच कारणाने तपासणी टाळली आणि सात महिने थेंबांवर काढले. पुढे निघाला टीबी. टीबीची औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळाली, एक डोळा सावरला, दुसऱ्याला फक्त उजेड-अंधार कळतो.

टीबीच्या औषधांपैकी एथाम्ब्युटॉल हे स्वतःच काही जणांच्या नजरेच्या नसेला त्रास देते. ते चालू असताना लाल-हिरवा रंग फिका वाटू लागला किंवा नजर कमी झाली, तर लगेच सांगा. मनाने गोळ्या मात्र बंद करू नका.

काडीच हवी असे नाही

हे लिहिताना आम्हाला एक काळजी वाटते. नवे आणि महाग म्हणजे चांगले, असा समज आपल्यात रुजवला गेला आहे. डोळ्याच्या बाबतीत तो बऱ्याचदा खोटा ठरतो.

शुगरच्या सुजेत बहुतेकांना आधी दुसऱ्या प्रकारची इंजेक्शने देतात, रक्तवाहिन्यांचा पाझर थांबवणारी. त्यातले बेव्हॅसिझुमॅब मुळात कॅन्सरचे औषध. डोळ्यासाठी ते तुलनेने बरेच स्वस्त पडते आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये ते आवश्यक औषधांच्या यादीत घेतले. ती इंजेक्शने सुरुवातीला दर महिन्याला लागतात. ज्यांना त्यांचा गुण येत नाही, ज्यांना महिन्या-महिन्याला येणे जमत नाही किंवा ज्यांचा मोतीबिंदू आधीच काढलेला आहे, त्यांच्यासाठी काडीचा विचार होतो.

युव्हिआयटिसमध्ये एकच डोळा आजारी असेल, गोळ्या सोसत नसतील, शुगर जास्त असेल, तर काडी उपयोगी. पण दोन्ही डोळ्यांत आजार असेल किंवा तो सगळ्या शरीराचा असेल, तर प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या गोळ्याच लागतात. अमेरिकेत सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात २५५ रुग्ण होते. त्यात न विरघळणारे, दीर्घकाळ चालणारे इम्प्लांट आणि गोळ्या यांची तुलना केली. सुरुवातीची वर्षे दोन्ही बरोबरीने चालले. सात वर्षांनी मात्र गोळ्यांच्या गटाची नजर जास्त चांगली राहिली होती.

आणि गोळ्या म्हणजे महागच, असेही नाही. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या डॉ. एस. आर. रथिनम आणि अमेरिकेतल्या डॉ. निशा आचार्य यांनी भारतासह पाच देशांत २१६ रुग्णांवर एक चाचणी घेतली, ती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. जुने, स्वस्त मेथोट्रेक्झेट विरुद्ध महाग मायकोफेनोलेट. महागडे औषध वरचढ ठरले नाही. गरिबांच्या रुग्णालयांना हा निकाल किती मोलाचा आहे, ते औषधांची चिठ्ठी घेऊन मेडिकलच्या दारात उभे राहिलेल्यांना विचारा.

मेथोट्रेक्झेटबद्दल एक गोष्ट मोठ्या अक्षरांत वाचा. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत. वार ठरवा, पाकिटावर पेनने लिहा. गरोदर बाईला ती चालत नाही, मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

जायचे कुठे, खर्चाचे काय

खासगीत एका काडीचे बिल पाच आकड्यांत जाते. म्हणून सुरुवात सरकारी ठिकाणी करा. चिकलठाण्याचे जिल्हा रुग्णालय, ज्याला आपण मिनी घाटी म्हणतो, सार्वजनिक आरोग्य विभागाचे आहे. या विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. घाटी वैद्यकीय शिक्षण विभागाची, तिथे केसपेपरचे थोडे पैसे लागतात, पण नेत्र विभागात पडद्याची तपासणी होते. सकाळी लवकर जा. बाहुली मोठी करणारे थेंब टाकतात, त्यामुळे अर्धा दिवस जातो आणि संध्याकाळपर्यंत जवळचे नीट दिसत नाही. जालन्याचे गणपती नेत्रालय मराठवाड्यातल्या लोकांना ओळखीचे आहे. अवघड युव्हिआयटिससाठी मुंबईचे जे. जे. किंवा हैदराबादचे एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थान असे पुढचे पत्ते आहेत.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचे आरोग्यमित्र मोठ्या रुग्णालयांत बसतात. रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी त्यांच्याकडे जा, पैसे भरण्याच्या आधी. आपल्याला सांगितलेला उपचार योजनेच्या यादीत कोणत्या नावाने बसतो, ते त्यांच्याकडून लिहून घ्या. "बसत नाही" असे तोंडी उत्तर मिळाले तर तेही लेखी मागा. लेखी मागितले की उत्तर पुष्कळदा बदलते, असे आम्ही पाहिले आहे. खासगीतच करायचे ठरले तर रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांना किंवा ट्रस्टच्या कार्यालयात गरीब रुग्णांच्या सवलतीबद्दल विचारा. धर्मादाय रुग्णालयांना काही खाटा निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी राखाव्या लागतात. तो आपला हक्क आहे, उपकार नाहीत.

मेडिकलवरून आणलेले थेंब

शेवटी ज्यावर आमचा खरा राग आहे, ते. काडीतल्या स्टिरॉइडला सगळे घाबरतात, पण त्याच जातीचे स्टिरॉइड असलेले थेंब आपण चाळीस-पन्नास रुपयांत, चिठ्ठीशिवाय आणतो आणि महिनोन्‌महिने टाकतो. बाटलीवर "डेक्सा", "प्रेड", "बीटा" अशी सुरुवात असलेले नाव दिसले तर ते स्टिरॉइड समजा. पहिल्या दिवशी डोळा शुभ्र होतो, बरे वाटते. शेतात डोळ्याला पात लागून बुरशी झाली असेल तर तेच थेंब बुबुळ सडवतात. खाजेसाठी लहान मुलांना वर्षभर टाकले तर मुलांना काचबिंदू होतो. काडी घातलेल्या रुग्णाचे प्रेशर निदान कुणीतरी मोजते. या थेंबवाल्यांचे कोण मोजणार?

बाबासाहेबांनाही मधुमेह होता आणि शेवटच्या वर्षांत त्यांची नजर खालावली होती, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. घरात माईसाहेब स्वतः डॉक्टर. पण तेव्हा पडद्यावर लेझर करण्याची सोय कुठेच नव्हती, आत टोचायची औषधे तर दूरच. आज शुगर असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासला, तर सूज वेळेत सापडते आणि पुष्कळदा काडीची वेळच येत नाही. वस्तीत बायका स्वतःचे हे काम सगळ्यांच्या शेवटी ठेवतात. आधी मुलाची फी, मग सासऱ्यांचे ऑपरेशन, मग जमले तर आपला डोळा.

डॉक्टरांकडे जाताना हे सोबत घ्या: शुगर-बीपीची वही, चालू गोळ्यांची पाकिटे, आधीच्या डोळ्याच्या ऑपरेशनचे कागद, घरात कुणाला टीबी झाला होता का याची माहिती आणि टाकत असलेल्या थेंबांची बाटली, रिकामी असली तरी. काडी सुचवली तर विचारा: माझी सूज कशामुळे आहे? जंतूंची तपासणी झाली का? माझे प्रेशर आज किती? ही पुन्हा किती वेळा लागेल? यापेक्षा स्वस्तात काय करता येईल? उत्तरे कागदावर घ्या. वाचता येत नसेल तर आमच्या बैठकीत तो कागद घेऊन या. पुढच्या महिन्यात दर रविवारी वंदनेनंतर आम्ही विहारात बसणार आहोत, नजर तपासायचा तक्ता सोबत असेल. एकेक डोळा झाकून बघायला दोन मिनिटे लागतात.